ब्यूट म्हणेल ते

स्कॉटलंडच्या नैऋत्येला ब्यूट नावाचं एक बेट आहे. आजूबाजूची बेटं धरून त्याची एक काउंटी होती, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी. या काउंटीला लंडनच्या संसदेत जागा होती, पण एकाआड एक. एका संसदेत ब्यूटचा खासदार बसायचा. ती बरखास्त झाली की पुढच्या संसदेत केथनेस नावाच्या दुसऱ्या काउंटीचा, मग पुन्हा ब्यूटचा. ज्याची पाळी नसेल त्याने गप्प बसायचं. ही दोन ठिकाणं शेजारी होती असंही नाही. ब्यूट खाली समुद्रात, केथनेस पार उत्तरेच्या टोकाला, मध्ये अख्खा देश. सव्वाशे वर्षं हे असंच चाललं.

मला हे माहीत असण्याचं कारण माझी नोकरी. बहरीनमध्ये, अदलिया भागात एका जुन्या व्हिलाच्या खालच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. आम्ही पुस्तिका, मेन्यूकार्डं, कॅलेंडरं, लग्नाच्या पत्रिका डिझाइन करून देतो. या कामात मजकूर वाचायचा नसतो, नुसता बघायचा असतो. ओळी कुठे तुटतात, चित्र कुठे बसतं एवढंच. मी मात्र सगळं वाचते. कोणाशी बोलावं लागत नाही आणि बरंच काही कळतं, म्हणून मला ते आवडतं.

ब्यूटची पुस्तिका एका म्हाताऱ्या स्कॉटिश गृहस्थांची होती. ते तरुणपणी सर्व्हेअर म्हणून बहरीनला आले आणि इथेच राहिले. त्यांच्या देशबांधवांचं दर वर्षी एक जेवण असतं. त्या जेवणात प्रत्येकाच्या ताटाशेजारी आपल्या काउंटीच्या मतदारसंघाचा इतिहास ठेवायचा, असं त्यांच्या मनात होतं. आमच्या मॅडम बहरीनी आहेत आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला घाबरत नाहीत, पण यांना बघून त्या आपल्या केबिनचं दार लावून घेत. गृहस्थ स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचे, स्क्रीनवर पट्टी धरायचे आणि एकेक स्वल्पविराम हलवायला सांगायचे. मी "हो" आणि "झालं" या दोन शब्दांवर भागवत होते.

एका संध्याकाळी जेवताना मी घरी ब्यूटची गोष्ट सांगितली. एरवी मी ऑफिसातलं काही घरी सांगत नाही. त्या दिवशी का सांगितलं, तर पप्पा भाकरी मोडून तशीच हातात धरून बसले होते आणि आईला ते बघवत नव्हतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

पप्पांचं काय बिनसलं होतं ते सांगते.

आमच्या बौद्ध कुटुंबांचा इथे एक छोटा गट आहे. कोणी टेक्निशियन, कोणी ऑफिसात, कोणी हॉस्पिटलमध्ये. दर वर्षी एप्रिलमध्ये एक शुक्रवार बघून हॉल घ्यायचा आणि जयंती साजरी करायची. गटात निम्मे कोकणातले, रायगड-रत्नागिरीकडचे, आणि निम्मे विदर्भातले. मी लहान असताना जेवणावरून मोठं भांडण झालं होतं. पाटवडी-रस्सा की वालाचं बिरडं, एवढ्यावरून दोन माणसं कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हती. तेव्हा तोडगा निघाला की एक वर्ष कोकणाचं, एक वर्ष विदर्भाचं. ज्यांची पाळी त्यांचा मेन्यू, त्यांचा अध्यक्ष, आणि अध्यक्षाचं भाषण. दुसऱ्यांनी यायचं, जेवायचं आणि मिठाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

गेल्या वर्षी पाळी कोकणाची होती आणि अध्यक्ष पप्पा होते, पहिल्यांदाच. इतकी वर्षं ते माइक लावायचे, वायरी टाकायचे, हॉलचा एसी नीट करायचे. एसी हे त्यांचं कामच. खुर्चीत मात्र दरवेळी दुसरं कोणीतरी बसायचं. भाषणासाठी त्यांनी कितीतरी शुक्रवार घालवले. बाल्कनीचं दार लावून घेऊन ते कपड्यांच्या स्टँडसमोर बोलायचे. आम्हाला काही ऐकू येऊ नये म्हणून आवाज बारीक ठेवायचे, पण हात मात्र जोरात हलायचे.

आणि त्याच शुक्रवारी पाऊस आला. इथे पाऊस आला की तो जातो कुठे हाच प्रश्न असतो, कारण त्याला जायला वाट ठेवलेलीच नाही. हॉल तळघरात होता. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, पप्पांच्या गळ्यात हार पडला. ते उठले, माइक नीट केला, "उपस्थित बंधू-भगिनींनो" म्हणाले, आणि जिन्यावरून पाणी आत आलं. वॉचमनने धावत येऊन मेन स्विच बंद केला. सगळे चपला हातात घेऊन वर पळाले. बिरड्याचं पातेलं चौघांनी उचललं. पप्पा सगळ्यांत शेवटी आले, गळ्यात हार आणि दोन्ही हातांत स्पीकर.

पुढच्या वर्षी बघू, असं तेव्हा सगळे म्हणाले. पण पुढचं वर्ष आलं तसे विदर्भवाले म्हणाले, आता आमची पाळी. कोकणवाले म्हणाले, आमची झालीच कुठे? आणि पप्पांना त्याच्या पुढच्या वर्षाची वाट बघणं शक्य नव्हतं. त्यांचं वय झालं होतं, कंपनी व्हिसा रिन्यू करणार नव्हती. जूनमध्ये ते आणि आई कायमचे गावी जाणार होते. मी माझ्या नोकरीच्या व्हिसावर इथेच राहणार होते. म्हणजे ही पप्पांची इथली शेवटची जयंती. अध्यक्षपद गेलं तर ते भाषण बाल्कनीतल्या कपड्यांनीच ऐकलं, असं होणार होतं. ते स्वतः असलं काही बोलले नाहीत. नुसती भाकरी हातात धरून बसले.

म्हणून मी ब्यूट काढलं. पप्पांनी भाकरी खाली ठेवली.

"म्हणजे आपल्यासारखंच?"

"हो. वन बाय वन."

"आणि एखादी संसद मध्येच मोडली तर? पुरी चाललीच नाय तर? पाळी झाली धरायचे का नाय?"

"आय डोन्ट नो, पप्पा. ते पान अजून आलं नाही."

"मग विचार त्यांना."

मी वरणाकडे बघत राहिले. विचारणं हा माझा प्रांत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी ते नागपूरच्या काकांच्या गाडीत सांगितलं. नागपूरचे काका म्हणजे विदर्भाच्या बाजूचे पुढारी आणि पप्पांचे इथले सगळ्यांत जुने मित्र. दोघं एकाच शिफ्टला जातात. काका सनाबिसला आमच्या बिल्डिंगखाली येऊन हॉर्न वाजवतात आणि मग कामावर पोचेपर्यंत दोघं भांडतात. त्या दिवशी मीही मागच्या सीटवर होते, मला वाटेत सोडणार होते.

"भाऊ, तुम्ही 'बंधू-भगिनींनो' म्हटलं की नाही म्हटलं?" काका म्हणाले.

"म्हटलं."

"मग भाषण सुरू झालं. सुरू झालं म्हणजे अध्यक्ष झाले. अध्यक्ष झाले म्हणजे पाळी झाली. आता कायले वाद घालून राहिले?"

"तेवढ्यात भाषण होतं काय? चहा ओतायलाही जास्त वेळ लागतो."

"हार पडला होता ना गळ्यात?"

"हार तर बोकडाच्यापण गळ्यात पडतो!"

काका इतके हसले की गाडी लेनबाहेर गेली आणि मागच्या लॉरीने हॉर्न मारला. मग पप्पांनी ब्यूट काढलं. काकांना वाद जिंकण्यापेक्षा वादात नवीन काही आलेलं जास्त आवडतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, केथनेस कुठे आहे ते दोनदा विचारलं आणि स्टिअरिंगवर हात आपटला.

"मंजूर! यांच्याच संसदेवरून आपली संसद आली ना? मग ब्यूट म्हणेल ते. तुमच्या बाजूनं निघालं तर खुर्ची तुमची. आमच्या बाजूनं निघालं तर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"ब्यूट म्हणेल ते," पप्पा म्हणाले.

दोघांनी हात मिळवले. उत्तर काय आहे ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवरून मी ते हात बघत होते आणि आता मला विचारावंच लागणार हे मला कळून चुकलं होतं.

त्या दिवशी मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या ऑफिसात हिशेबाला रत्नागिरीकडचे एक चाचा आहेत, माझ्याशी ते मराठीत बोलतात. त्यांनी मला गृहस्थांकडे बघून तोंड उघडताना आणि मिटताना दोन-चारदा पाहिलं असावं. जाता जाता टेबलाशी थांबून म्हणाले, "काय ता इचारून टाक गो एकदाचा. तो काय तुका खातलो नाय. दात तरी खंयचे सगळे ऱ्हवलेत त्याचे."

मी विचारलं. इंग्रजीत, एका दमात, स्क्रीनकडे बघत. एखादी संसद लवकर मोडली तर त्या काउंटीची पाळी भरली असं धरत का?

गृहस्थांनी पट्टी खाली ठेवली. मला वाटलं काही चुकलं. ते म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना या मतदारसंघाबद्दल ऐकवतोय. आजपर्यंत कोणी प्रश्न विचारला नव्हता."

मग त्यांनी सांगितलं. असं झालं होतं, आणि ब्यूटच्याच वाट्याला आलं होतं. खासदार निवडून गेला आणि ती संसद काही महिन्यांतच बरखास्त झाली. पुन्हा निवडणूक लागली तेव्हा ब्यूटला कोणी विचारलं नाही. केथनेसची पाळी, केथनेसचा माणूस. ती संसद मात्र चांगली काही वर्षं चालली. "आम्ही अजून विसरलेलो नाही," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. पाळी लागली की लागली. किती चालली ते कोणी बघत नाही."

माझा चेहरा बघून त्यांनी कारण विचारलं. मी थोडक्यात पाऊस, पप्पा, व्हिसा एवढं सांगितलं. आधी ते खूप हसले. मग हसायचे थांबले.

"म्हणजे मी तुझ्या वडिलांचं अध्यक्षपद घालवलं."

"तुम्ही नाही. ब्यूटनं."

"मग ते मीच येऊन सांगायला हवं. तुझ्यावर कशाला?"

मला नको म्हणायचं होतं. पण नको म्हणायला जेवढं बोलावं लागतं तेवढं मला जमलं नाही, आणि त्यांनी पत्ता लिहून घेतला.

घरी मी एवढंच सांगितलं की ते शुक्रवारच्या मीटिंगला स्वतः येतायत. पप्पांना तो शुभशकुनच वाटला. अख्खं ब्यूट चालून येतंय म्हटल्यावर निकाल आपल्याच बाजूचा असणार! त्यांनी भाषणाची पानं कपाटातून काढून खिशात ठेवली. आई माझ्याकडे बघत होती.

"उलट निघालं ना?" तिने स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"आय डोन्ट नो."

"बरं," ती म्हणाली आणि कांदा चिरायला लागली. माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही असा माझा समज आहे. आईचा तसा समज नाही.

शुक्रवारी दुपारी आमच्या सनाबिसच्या फ्लॅटमध्ये मीटिंग भरली. पुरुष हॉलमध्ये, बायका स्वयंपाकघरात, मुलं दोन्हीकडे. ब्यूटवाले टॅक्सीने आले. घरात त्यांना तोपर्यंत सगळे ब्यूटवालेच म्हणायला लागले होते. त्यांना सोफा दिला तर ते सतरंजीवर मुलांमध्ये बसले. उठताना त्यांना दोघांनी धरून ओढलं, पण ती नंतरची गोष्ट. मी स्वयंपाकघराच्या दाराआड चहाच्या पातेल्यापाशी होते. तिथून हॉल दिसतो आणि हॉलमधून आपण दिसत नाही. माझी ही जागा ठरलेली आहे.

त्यांनी सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य झाल्यावर विदर्भाच्या बाजूने टाळी वाजणार असं मला वाटलं होतं. वाजली नाही. सगळे पप्पांकडे बघत होते.

पप्पा म्हणाले, "ठरलं होतं तसं. पाळी आमची झाली. यंदा विदर्भ." आणि लगेच, "साहेबांना चहा आणा गं कोणीतरी."

काका जिंकले होते, पण त्यांचा चेहरा पडला होता. "तसं नाही भाऊ," ते म्हणाले, "म्हणजे... बघा आता तुम्ही..."

"एक शब्द बोलायचा नाय, असं तुम्हीच म्हणालात."

"ते तुम्ही बोलायचं नाही म्हटलं होतं. मी बोलू शकतो."

"मग बोला."

काका सतरंजीचे दोरे ओढायला लागले.

ते ब्यूटवाल्यांना बघवलं नाही. त्यांनी घाईघाईने आपल्या बेटावर सांगतात ती एका निवडणुकीची गोष्ट सांगितली. तेव्हा पूर्ण काउंटीत वीसेक मतदार, जमीनदार लोक. बहुतेक बेटावर राहतही नसत. एकदा निवडणुकीच्या सभेला सरकारी अधिकारी सोडले तर एकच मतदार आला. त्याने स्वतःला सभेचा अध्यक्ष केलं. यादी वाचली. स्वतःचं नाव आल्यावर "हजर" म्हणाला. स्वतःचं नाव सुचवलं, स्वतःच अनुमोदन दिलं, मत मागितलं आणि एकमताने निवडून आला.

हॉल हसून हसून लोळला. काका म्हणाले, "अशी एक मीटिंग मले पाहिजे बे! बायकोसुद्धा नको!" पप्पाही हसत होते. सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते आणि हसताना त्यांचा हात खिशातल्या पानांवर होता.

मी चहा गाळायला लागले. बाहेर गोष्टी पुढे चालल्या होत्या. सन १८३२ मध्ये दोन्ही काउंट्यांना आपापला खासदार मिळाला. मग १९१८ मध्ये ब्यूटचा मतदारसंघच रद्द झाला, किनाऱ्यावरच्या भागाला जोडून टाकला. हे मला पाठ होतं, ती पानं मीच लावली होती. आणि ती लावताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, जी पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नव्हती. ती मी आईला इंग्रजीत सांगितली, गाळणी झटकता झटकता. दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून.

आईने कप भरायचे थांबवले. "काय म्हणालीस? परत सांग. मराठीत."

"त्या मतदारसंघात एकाही बाईनं कधी खासदारासाठी मत दिलं नाही. तिकडे बायकांना संसदेसाठी मत मिळालं ते १९१८ मध्ये, आणि त्याच वर्षी मतदारसंघ बंद झाला."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नागपूरच्या काकू कोथिंबीर निवडत होत्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आईने ट्रे उचलला आणि बाहेर गेली. तिने आधी ब्यूटवाल्यांना कप दिला आणि ट्रे हातात धरूनच सगळ्या हॉलला विचारलं, "एक विचारू का? कोकणाच्या इतक्या पाळ्या झाल्या, विदर्भाच्या इतक्या झाल्या. त्यात बाई किती वेळा बसली त्या खुर्चीत?"

एकजण म्हणाला, "वहिनी, तसा काही नियम नाही..."

"नियम नाही म्हणूनच विचारते. यांच्या ब्यूटात बायकांना मत मिळालं तेव्हा मतदारसंघच गुंडाळला. आमची पोरगी सांगते. आपण पण तेवढं थांबायचं का?"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. मी फ्रिजमागे सरकले. काकांनी ते ब्यूटवाल्यांना इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले की हे खरं आहे, आणि इतक्या वर्षांत आपल्याला हे एकदाही सुचलं नाही. मग त्यांनी पुस्तिकेत आणखी एक परिच्छेद घालता येईल का, असं फ्रिजच्या दिशेने विचारलं. पुस्तिका आदल्या दिवशीच छापायला गेली होती.

"पाळी आमची," काका म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता. "म्हणजे निवड आमची. आमच्यातली बाई म्हणजे..." ते आपल्या बायकोकडे बघायला लागले. काकू हात पुसत दारात आल्या होत्या.

"मले भाषण येत नाही," काकू म्हणाल्या.

"ते शिकवून देतो."

"तुम्ही नका शिकवू. बसते मी. पण आधीच सांगते, खुर्चीत मी, तर तिथं माझंच चालणार. कोण बोलणार, किती बोलणार, कोणी मधात पडायचं नाही. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले. मग विदर्भ, मग कोकण. पप्पाही कबूल म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे माइकचं आपण बघू असं म्हणाले.

पुढचे दिवस घरात फार बोलणं झालं नाही. आई फोनवर बोलायची आणि मी खोलीत आले की विषय पुरणपोळीकडे वळवायची. पप्पांनी पानं कपाटात ठेवून दिली होती. सामान बांधायला सुरुवात झाली होती, पण ती पानं कोणत्या बॅगेत जाणार हे कोणी विचारलं नाही.

जयंतीचा हॉल या वेळी पहिल्या मजल्यावर होता. ते काकांनी जातीने बघितलं. पांढऱ्या साडीत काकू खुर्चीत बसल्या. पहिली पाच मिनिटं ताठ होत्या, नंतर अगदी घरच्यासारख्या. वंदना झाली, मुलांची गाणी झाली. एका मुलीने इंग्रजीत निबंध वाचला. ब्यूटवाले पहिल्या रांगेत टाय लावून बसले होते. मी मागे होते, स्पीकरच्या टेबलापाशी, कारण पप्पा तिथे होते. एक वायर सैल होती आणि ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली वाकले होते.

"आता अध्यक्षीय भाषण," काकू माइकवर म्हणाल्या. "ते मी करत नाही. माझं भाषण मी भाऊजींले देऊन राहिली. या भाऊजी. आणि 'बंधू-भगिनींनो' गेल्या वर्षी झालं आहे, ते पुन्हा म्हणू नका. पुढचं सांगा."

टाळ्या वाजल्या तेव्हा पप्पा टेबलाखालीच होते. ते बाहेर आले, एकदा आईकडे पाहिलं, आणि आईने लगेच छताकडे पाहिलं. मग त्यांनी खिसा चाचपला. पानं घरी होती. मी त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेतला. ते तसेच चालत पुढे गेले, बाह्या दुमडलेल्या.

त्यांनी माइक उगाच वर-खाली केला. मला वाटलं, आता काय होणार. कारण त्या पानांवरचं एकही वाक्य त्यांना आठवत नव्हतं हे मला लांबून दिसत होतं.

"मी," ते म्हणाले, "आयुष्यात एकदाच मत दिलंय."

ते इकडे येण्याच्या आधीची गोष्ट त्यांनी सांगितली. गावच्या शाळेत मतदान होतं. आजोबांनी सकाळीच आंघोळ करून धुतलेले कपडे घातले आणि पप्पांना घेऊन निघाले. रांगेत पुढे आजोबा, मागे पप्पा, आणि त्यांच्या मागे गावातल्या मोठ्या घरातला मालक, ज्याच्या ओटीवर आजोबा कधी चढले नव्हते. रांग हळू होती. मालक कावला होता, पण रांग मोडून पुढे जाता येत नव्हतं. तिघांच्या बोटाला एकाच बाटलीतली शाई लागली. आजोबा डावखुरे, घरी आल्यावर त्यांनी ते बोट दिवसभर पाण्यात घातलं नाही, जेवताना चमचा मागितला. आमच्या घरात चमचाच नव्हता, पप्पा म्हणाले, शेवटी कालथ्यानं जेवले.

लोक हसले. पप्पाही हसले. मी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती.

"त्यानंतर मी इकडे आलो. दर निवडणुकीला वाटायचं जाऊ. कधी लीव्ह नाय, कधी शिफ्ट, कधी पोरीची परीक्षा. मी ज्या मतदारसंघात मत दिलं त्याचं नाव कुलाबा. तोपण आता नाय, हद्दी बदलल्या, आता रायगड म्हणतात. या साहेबांचा गेला तसा माझापण गेला." त्यांनी ब्यूटवाल्यांकडे हात केला. त्यांना एवढंच कळलं की आपल्याबद्दल काही म्हटलं, आणि त्यांनी मान लववली. "सगळे मला विचारतात, जूनमध्ये चाललात, वाईट वाटत असेल. वाटतं. इथे माझं आयुष्य गेलं. पण मी काल हिशेब केला. पुढची निवडणूक येईल तेव्हा मला शिफ्ट नाय. लीव्ह मागायची नाय. सकाळी आंघोळ करणार आणि रांगेत सगळ्यांत पुढे उभा राहणार. नाव काय पण असू दे मतदारसंघाचं."

एवढंच. बाल्कनीत कितीतरी शुक्रवार चाललेलं भाषण हे नव्हतं. ते काय होतं ते मी अजून विचारलेलं नाही.

"भाऊ!" मागून काका ओरडले, नियम मोडून. "मत कोणाले देणार ते सांगून जा!"

"गुप्त मतदान आहे!" पप्पा माइकवर ओरडले.

"आम्हाले नाही सांगणार?"

"बायकोलापण नाय सांगणार!"

"मले माहीत आहे कोणाले देणार ते," आई पहिल्या रांगेतून विदर्भाच्या बोलीत म्हणाली, आणि विदर्भाची बाजू उठून टाळ्या वाजवायला लागली. काकूंनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना खाली बसायला सांगितलं, कोणी बसलं नाही, मग त्या स्वतःच उठल्या आणि म्हणाल्या, "खलास! रस्सा थंड होऊन राहिला. यल्ला, चला, ताटं घ्या."